बैलाचे पोट बंद पडते तेव्हा

१९८४ सालची गोष्ट. बीड जिल्ह्यातल्या एका गावी पशुवैद्यकीय दवाखान्यात मी नुकताच रुजू झालो होतो. पोळा होऊन तीन दिवस झाले होते. पोळ्यानंतरचा आठवडा दवाखान्यात कसा असतो, हे जनावरे पाळणाऱ्याला सांगायला नको. वर्षभर कडबा खाणाऱ्या बैलाला आपण त्या एका दिवशी पुरणपोळी चारतो, गूळ चारतो, वर प्रेमाने पायलीभर ज्वारीही पुढे ठेवतो. मग दुसऱ्या दिवसापासून रांग लागते. कुणाचा बैल फुगलेला, कुणाचा पातळ हगणारा, कुणाचा रवंथ बंद झालेला.

त्या दिवशी सकाळी एक म्हातारे आबा दारात आले. "साहेब, बैल दोन दिस झालं तोंड लावीना. रवंथ बी न्हाई. पोळ्याचं खाणं बाधलं जनू. सुई टोचा, पोट सुटलं म्हंजी झालं."

सायकल काढून मी त्यांच्या वस्तीवर गेलो. लाल कंधारी बैल, पाच-साडेपाच वर्षांचा, अंगाने भरलेला. जोडीतला दुसरा शेजारी कडबा खात होता आणि हा मान खाली घालून उभा होता. मी डाव्या भकाळीत मूठ दाबून धरली. पाच मिनिटे झाली तरी मुठीला आतून उचल लागली नाही. ताप नव्हता. शेण थोडे पातळ होते. ओठ ओले दिसले, तोंडातून लाळेची एक बारीक तार लोंबत होती. गुळाचा परिणाम असेल, असे मी मनाशी म्हटले. आजही ती तार डोळ्यांपुढे आली की अंगावर काटा येतो.

"काय काय खाल्लं होतं?" मी विचारले. आबांनी पुरणपोळ्यांचा हिशोब सांगितला. माझे निदान पक्के झाले. पेटीतून निओस्टिग्मीनची बाटली काढली आणि कातडीखाली सुई दिली. बंद पडलेले पोट हलवणारे ते औषध. त्या काळी आम्हा नव्या डॉक्टरांचे ते मोठे आवडते होते, कारण गुण डोळ्यांदेखत दिसायचा. अर्ध्या तासात जनावर शेण टाकायचे आणि मालक खूश व्हायचा.

चहा घेईपर्यंत पंधरा-वीस मिनिटे गेली. गोठ्यातून आबांची सून ओरडली. जाऊन पाहतो तो बैलाच्या तोंडातून लाळेची धार लागली होती. डोळे गळत होते. खांद्यावरचे आणि मांड्यांवरचे स्नायू मुंग्या चावल्यासारखे थरथरत होते. श्वास घेताना छातीत घरघर होत होती. पातळ शेण आणि मूत एकदमच चालू झाले. बघता बघता पुढचे पाय दुमडून बैल खाली बसला. डोळ्याची पापणी उघडून पाहिली, तर बाहुली आवळून गेलेली.

निओस्टिग्मीनच्या योग्य मात्रेने एवढे होत नाही. मी बाटली तपासली, मात्रा तपासली. दोन्ही बरोबर होते. तेवढ्यात सून पदर सावरत हळूच म्हणाली, "मामंजी, खांदमळणीच्या दिवशी बैल धुताना बादलीत ते कपाशीचं औषध घातलं होतं नव्हं? गोचिडासाठी?"

आबा गप्प झाले. पोळ्याला बैल स्वच्छ दिसावा, अंगावर गोचीड दिसू नये, म्हणून फवारणीच्या डब्यातले झाकणभर औषध त्यांनी पाण्यात कालवले होते. झाकणभर म्हणजे किती, हे त्यांनाही नक्की सांगता येईना. दुसऱ्या बैलापर्यंत येईस्तोवर बादली संपली होती, म्हणून तो वाचला. आणि मी त्यांना काय खाल्ले एवढेच विचारले होते. अंगाला काय लावले, हे विचारलेच नव्हते.

पाटाचे दार आणि वाफा

त्या बैलाचे पुढे काय झाले ते सांगतोच. पण एक झाकण कीटकनाशक आणि एक सुई मिळून असे का झाले, हे आधी समजून घेतले पाहिजे. त्याशिवाय पुढचे ध्यानात येणार नाही.

जनावराच्या मेंदूतून निघालेली एक लांब मज्जातंतूची जोडी मानेतून खाली उतरते आणि हृदय, फुप्फुसे, पोट, आतडी यांना जाऊन मिळते. कोठीपोटाची घुसळण या मज्जातंतूंच्या हुकमाने चालते. पण तंतूचे टोक स्नायूला चिकटलेले नसते. मध्ये बारीकशी फट असते. निरोप आला की तंतूच्या टोकातून एक द्रव्य त्या फटीत पाझरते. त्याचे नाव ॲसिटिलकोलीन. ते स्नायूला लागले की स्नायू आवळतो, ग्रंथीला लागले की लाळ सुटते, हृदयाला लागले की ठोके मंदावतात.

आपल्या शेतातल्या पाण्यासारखेच हे आहे. पाटाचे दार फोडले की पाणी वाफ्यात शिरते. पण वाफा भरला की कुणीतरी खोऱ्याने दार बुजवलेच पाहिजे, नाही तर बांध फुटतो. शरीरात हे दार बुजवायचे काम कोलिनेस्टरेज नावाचे एक द्रव्य करते. काम झालेले ॲसिटिलकोलीन ते डोळ्याची पापणी लवण्याच्या आत मोडून टाकते. म्हणून स्नायू आवळतो तसा सैलही पडतो, आणि पोटाची घुसळण एका लयीत चालते.

निओस्टिग्मीन काय करते? दार बुजवणाऱ्याचा हात धरून ठेवते. त्यामुळे होते तेवढेच पाणी वाफ्यात जास्त वेळ टिकते आणि सुस्त पडलेला स्नायू कामाला लागतो. काही तासांनी औषध उतरते आणि हात सुटतो. पूर्वी वापरात असलेले कार्बाकॉल नावाचे दुसरे औषध स्वतःच ॲसिटिलकोलीनसारखे वागते आणि शरीराला ते लवकर मोडता येत नाही. म्हणजे वरून आणून ओतलेले, न जिरणारे पाणी. त्याने पोट खवळते, कळा येतात, पण आतला माल पुढे सरकतोच असे नाही. म्हणून चांगल्या पशुवैद्यांनी ते बाजूला ठेवले.

आणि शेतातली ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातली कीटकनाशके? क्लोरपायरिफॉस, डायमेथोएट, मॅलॅथिऑन ही नावे तुम्ही डब्यांवर वाचली असतील. तीही त्याच दार बुजवणाऱ्यावर घाला घालतात. फरक एवढाच, की ती हात नुसता धरत नाहीत, तोडतात. शरीराला नवे कोलिनेस्टरेज तयार करायला दिवस, कधी आठवडे लागतात. किडा याच मार्गाने मरतो. अळी असो, गोचीड असो, बैल असो की फवारणारा माणूस असो, ही यंत्रणा सगळ्यांच्या अंगात आहे.

आबांच्या बैलाच्या कातडीतून ते विष थोडे थोडे आत गेले होते. पोट बंद पडले ते पुरणपोळीने नव्हे, विषाने. दार बुजवणारे निम्मे हात आधीच तुटले होते आणि उरलेले मी सुईने बांधून टाकले.

सुपारी आणि धोतरा

या जातीची औषधे माणसाने कारखान्यात शोधली असे वाटेल, पण ती आधी झाडांत सापडली. आफ्रिकेतील नायजेरियाच्या किनाऱ्यावर कालाबार नावाचे गाव आहे. तिथे एका वेलीच्या बिया गुन्हा पारखण्यासाठी वापरत. ज्याच्यावर आळ असेल त्याला त्या बियांचे पाणी पाजायचे. ओकून वाचला तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. एडिंबरोच्या रॉबर्ट क्रिस्टिसन नावाच्या डॉक्टरांनी १८५५ साली त्या बीचा तुकडा स्वतःच खाऊन पाहिला. जीव घाबरा झाला तेव्हा दाढीचे साबणाचे पाणी पिऊन त्यांनी उलटी काढली आणि वाचले. पुढे १८६४ मध्ये त्या बीतून फायझोस्टिग्मीन वेगळे काढण्यात आले. त्याचाच नमुना पुढे ठेवून १९३१ साली निओस्टिग्मीन तयार झाले.

दुसरे उदाहरण आपल्या पानाच्या डब्यातले आहे. सुपारीत अरेकोलीन नावाचे द्रव्य असते. सुपारी खाल्ल्यावर तोंडाला पाणी सुटते, नव्या माणसाला घाम फुटतो, डोके गरगरते, त्यात त्याचा मोठा वाटा आहे. १८८८ साली ते सुपारीतून वेगळे काढले गेले आणि पशुवैद्यकात बरीच वर्षे वापरले गेले. घोड्याचे पोट बांधले की ते देत, आणि कुत्र्याच्या पोटातल्या चपट्या कृमींवर ते खास औषध होते. त्याने कृमी लुळी पडते आणि कुत्र्याला जोराचा जुलाब होऊन ती बाहेर फेकली जाते. मेंढपाळांच्या न्यूझीलंड देशात कुत्र्यांना रांगेने बांधून अरेकोलीन पाजत आणि त्यांचे शेण तपासत, कारण त्या बारीक कृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली की यकृतात आणि फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. कुत्र्यांचा बंदोबस्त आणि कच्ची आतडी-काळीज कुत्र्यांपुढे न टाकण्याचा कायदा, या दोन्हींनी तिथला रोग आटोक्यात आला. २००२ मध्ये त्या देशाने आपण या रोगातून हंगामी मुक्त झाल्याचे जाहीर केले. आता कुत्र्यासाठी प्राझिक्वान्टेल हे सौम्य आणि खात्रीचे औषध मिळते, अरेकोलीन मागे पडले. पण जत्रेला बोकड कापल्यावर त्याचे पाणी भरलेले काळीज अजूनही आपण राखणीच्या कुत्र्यापुढे टाकतोच. ते पुरावे किंवा जाळावे. हा विषय वेगळा, पण सुपारीवरून आठवला म्हणून लिहिले.

आणि उतारा? तो तर तुमच्या उकिरड्याच्या कडेला उगवतो. धोतरा. धोतऱ्यात आणि त्याच्या कुळातल्या झाडांत ॲट्रोपिन असते. ते स्नायूवरचे आणि ग्रंथीवरचे दारच लावून घेते, मग फटीत कितीही ॲसिटिलकोलीन साचले तरी आत जात नाही. लाळ आटते, छातीतली घरघर थांबते, हृदयाचे ठोके वाढतात, आवळलेली बाहुली मोठी होते. कालाबारची बी आणि ॲट्रोपिन एकमेकांविरुद्ध काम करतात, हे एडिंबरोच्याच थॉमस फ्रेझर यांनी प्रयोगाने दाखवून दिले. मात्र हे वाचून कुणी धोतऱ्याचा रस जनावराला पाजू नये. एका झाडात किती आणि दुसऱ्यात किती, याचे माप नसते. धोतऱ्याने मेलेली जनावरे मी पाहिली आहेत.

हा निरोपाचा प्रकार मुळात कळला कसा, तीही मजेदार हकिगत आहे. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ऑटो लोवी नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांना रात्री स्वप्नात एक प्रयोग सुचला. उठून त्यांनी कागदावर खरडले, पण सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले. या वेळी ते लिहीत बसले नाहीत, पहाटे तीनला थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकाचे एक हृदय मज्जातंतूसह घेतले, तंतूला विजेने चेतवून ठोके मंद केले, आणि त्या हृदयाभोवतीचे पाणी दुसऱ्या बेडकाच्या हृदयावर घातले. दुसऱ्याचेही ठोके मंदावले. तंतूचा निरोप द्रव्याच्या रूपाने जातो, हे १९२१ साली असे सिद्ध झाले. १९३६ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि इंग्लंडच्या हेन्री डेल यांना मिळाले. डेल यांना ॲसिटिलकोलीन सापडले होते १९१४ मध्ये, तेही अरगटाच्या अर्कात. बाजरीवर पडतो त्याच जातीचा, राई या धान्यावरचा अरगट.

त्या दिवशी पुढे

माझ्या पेटीत ॲट्रोपिन होते, पण माणसाला देतात त्या मापाच्या बारीक दहा कुप्या. ऑपरेशनच्या वेळी लाळ आटवायला त्या पुरतात. साडेतीनशे किलोच्या बैलाला विषबाधेत तसल्या दीडशेच्या आसपास लागल्या असत्या. दहाच्या दहा दिल्या. आबांच्या धाकट्या मुलाला चिठ्ठी देऊन मोटारसायकलवर तालुक्याच्या दवाखान्यात पाठवले. जाऊन-येऊन चव्वेचाळीस किलोमीटर, आणि मध्ये ओढा.

तोवर आम्ही बैल धुवायला घेतला. कपड्याचा साबण आणि घागरींवर घागरी पाणी. सुनेने हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि मागच्या पायांच्या बेचक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत चोळून काढले. विष जिथे जास्त साचते त्या जागा तिला मी सांगितल्या नव्हत्या, गोचीड कुठे बसतात हे तिला ठाऊक होते आणि औषधही तिथेच जास्त चोळले होते. बैलाची मान थोडी खाली उतरती ठेवली, म्हणजे लाळ बाहेर पडावी, श्वासनळीत जाऊ नये. आबा त्याच्या डोक्याशी बसून होते. एक शब्द बोलत नव्हते. जोडीतला एक बैल गेला तर रब्बीची पेरणी कशी होणार, हे विचारायची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून ती जोडी घेतली होती.

सव्वा तासाने मुलगा मोठ्या बाटल्या घेऊन आला. थोडे शिरेतून, उरलेले कातडीखाली, असे मी देत गेलो. दर पंधरा मिनिटांनी छातीला कान लावायचा. घरघर कमी झाली, लाळ आटली. स्नायूंची थरथर मात्र रात्रीपर्यंत थांबली नाही, कारण ती ॲट्रोपिनने थांबत नाही. त्यासाठी प्रॅलिडॉक्झिम नावाचे वेगळे औषध असते. विषबाधा होऊन फार वेळ गेला नसेल तरच त्याचा उपयोग, आणि ते त्या वेळी तालुक्यालाही नव्हते. रात्री दोनच्या सुमारास बैलाने मान उचलून इकडेतिकडे पाहिले. पहाटे उठून उभा राहिला. रवंथ सुरू व्हायला आणखी तीन दिवस लागले, आणि त्याला औताला जुंपायला महिना. त्या वर्षीची पेरणी आबांनी भावकीतल्या बैलाशी जोडी लावून केली.

पोट बंद पडण्याची कारणे अनेक

मूठ दाबून पाहायची रीत प्रत्येक घरात कुणाला तरी यायलाच हवी. जनावराच्या डाव्या बाजूला, शेवटची बरगडी आणि पुठ्ठ्याचे हाड यांच्यामधल्या खळग्यात मूठ रोवून ठेवा. निरोगी गाई-बैलाचे कोठीपोट दोन मिनिटांत दोन-तीनदा मूठ बाहेर ढकलते. दिवसभरात सहा ते आठ तास ते जनावर रवंथ करते. या दोन गोष्टी आपल्या जनावराच्या बाबतीत चांगल्या दिवशी पाहून ठेवा, म्हणजे वाईट दिवस ओळखू येतो.

मूठ उचलली गेली नाही, तर पोट बंद आहे एवढेच कळते. का बंद आहे, ते कळत नाही. आणि सगळा घोळ तिथेच होतो.

धान्य, पीठ, लग्नातले उरलेले अन्न असे काही जास्त खाल्ले असेल तर कोठीपोटात आम्ल तयार होते. तिथले उपयोगी जंतू मरतात, भिंतीला सूज येते, रक्तातही आम्ल चढते. अशा पोटाला सुईने हलवून काय होणार? तिथे आम्ल मारावे लागते, पाणी भरून काढावे लागते, वेळ पडली तर नळी घालून किंवा शस्त्रक्रिया करून पोट रिकामे करावे लागते. नंतर निरोगी जनावराच्या पोटातला रस दिला तर मेलेल्या जंतूंच्या जागी नवे येतात. आपली जुनी माणसे एका बैलाच्या तोंडातला रवंथाचा गोळा काढून दुसऱ्याला चारत. त्यांना जंतू माहीत नव्हते, पण रीत बरोबर होती.

नुकत्याच व्यालेल्या जास्त दुधाच्या गाईचे पोट बंद पडले, कान गार लागले, मान पोटाकडे वळवून ती बसून राहिली, तर बहुधा रक्तातला कॅल्शियम उतरलेला असतो. स्नायूला आवळायला कॅल्शियम लागतो. तो नसेल तर हुकूम कितीही मोठ्याने दिला तरी स्नायू ऐकणार कसा? तिला शिरेतून कॅल्शियम मिळाला की काही वेळा डॉक्टर बॅग आवरेपर्यंत ती उठून उभी राहते.

तार, खिळा, सुई गिळली असेल तर ती जाळीच्या पोटात रुतून बसते. ते पोट हृदयाला लागूनच असते. अशा वेळी औषधाने पोट जोरात आवळले तर खिळा आणखी पुढे सरकायचा. प्लास्टिकच्या पिशव्यांचा आणि सुतळीचा गोळा पोटाच्या दाराशी अडकला असेल, आतड्याला पीळ पडला असेल, तर पुढची वाट बंद आणि मागून रेटा, अशी गत होऊन आतडे फाटू शकते. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, पण गावाच्या कडेचे ढीग पाहिले तर जनावरांना ती बातमी पोचली नसावी.

गाभण जनावराचे तर विशेष जपायला हवे. ही औषधे पोटाच्या स्नायूंबरोबर गर्भाशयाचा स्नायूही आवळतात. सात महिन्यांची गाभण म्हैस सुई टोचल्यावर चौथ्या तासाला गाभडलेली मी पाहिली आहे. टोचणारा कुणी डॉक्टर नव्हता, गावोगाव बॅग घेऊन फिरणारा एक माणूस होता. त्याने ती गाभण आहे का, हे विचारले नव्हते. घरच्यांनीही आपण होऊन सांगितले नाही, कारण पोट सुटणे एवढेच त्या घटकेला सगळ्यांच्या डोक्यात होते. न्युमोनिया झालेल्या, धाप लागलेल्या जनावरालाही ही औषधे घातक. छातीत आधीच पाणी, त्यात आणखी स्राव.

म्हणून या लेखात मी कुठल्याच औषधाची मात्रा दिलेली नाही, आणि मुद्दामच दिलेली नाही. पूर्वी ही सुई जितक्या सहज निघायची तितकी आता निघत नाही. तपासून, कारण शोधून, आतली वाट मोकळी आहे याची खात्री करून क्वचित कधी पशुवैद्य ती देतात, तीही ॲट्रोपिन हाताशी ठेवून. डॉक्टर सुई न देता नुसती पुडी देऊन गेले, तर "काय डॉक्टर आहे, सुईसुद्धा टोचली नाही," असे म्हणू नये.

शेळ्यांच्या जंताच्या औषधाचेही इथेच सांगून टाकतो. लेव्हामिसोल हे औषध जंताच्या स्नायूवर ॲसिटिलकोलीनसारखेच काम करते. जंत आखडून लुळा पडतो आणि बाहेर जातो. जंताला लागते त्या मापात ते शेळीला सोसते. पण कळपातल्या बारक्या करडालाही मोठ्या शेळीच्या मापाने पाजले, तर करडू लाळ गाळते, थरथरते, आडवे पडते. डोळ्यांच्या अंदाजाने वजन ठरवण्यात भले भले चुकतात. दहा शेळ्या असतील तर दोन तरी तागडीत घालून पाहाव्यात, मग अंदाजाला आधार येतो.

डॉक्टर येईपर्यंत जनावराला मोकळे पाणी ठेवा, थोडे चालवा, डाव्या भकाळीत मुठीने दाबत चोळा. जीभ ओढून, मान वर करून बाटलीने तेल-काढा ढोसू नका. अर्धे मरण तिथेच असते, कारण ते फुप्फुसात जाते. आणि डॉक्टर आल्यावर सगळे सांगा. काय खाल्ले, कधी व्याली, किती महिन्यांची गाभण आहे, आधी कुणी सुई टोचली का, शेजारच्या रानात फवारणी झाली का, आणि गोचिडासाठी अंगाला काय लावले. सांगायला लाज वाटेल अशी गोष्ट असेल तर तीच आधी सांगा. दवाखाना लांब असेल तर आता १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरत्या पथकाला बोलावता येते. आमच्या वेळी ती सोय नव्हती.

गोचिडासाठी जनावरांकरिताच म्हणून मिळणारी औषधे आहेत. ती चिठ्ठीवर लिहिलेल्या मापानेच पाण्यात घालायची आणि गोठ्याच्या फटीतही मारायची, कारण गोचिडीचे निम्मे घर तिथेच असते. पिकाचे औषध जनावराच्या अंगाला कधीही लावायचे नाही. यातली काही विषे सरकारने बंद केली, फोरेट आणि डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून. पण जुना डबा माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना कितीतरी शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जीव गेले. त्या फवाऱ्यांत या वर्गातली औषधेही होती. लाळ, घाम, आवळलेली बाहुली, छातीतली घरघर ही लक्षणे माणसातही तीच असतात. तेव्हा कपडे काढून साबणाने धुवायचे आणि वेळ न दवडता दवाखाना गाठायचा, औषधाचा डबा बरोबर घेऊन.

पुढच्या वर्षी पोळ्याला आबांनी मला जेवायला बोलावले. आदल्या दिवशी दुपारीच मी गेलो होतो, सहज. बैलांची धुणी चालली होती. सून गोठ्याच्या दारात उभी होती. नवऱ्याने भरून आणलेली बादली तिने आधी खाली ठेवायला लावली, वाकून वास घेतला, आणि मग म्हणाली, "हं, आता घ्या."